खालपुऱ्याचा तरंगता ओटा

एके काळी खालपुऱ्यातल्या अठरा घरांमधल्या प्रत्येक माणसाचं वजन मला तोंडपाठ होतं. मी डॉक्टर नव्हते, नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात फिटर होते. अजूनही बाजारात तिकडची एखादी बाई समोरून आली, की तिचं नाव आठवायच्या आधी मला तिचे किलो आठवतात, आणि तिलाही ते कळतं. पदर पोटावर ओढून घेत ती म्हणते, "फिटरबाई, आता कमी झालं बरं माह्यं."

ही वजनं मला का ठाऊक होती, ते सांगते. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. त्या वेळचे बरेच नगरसेवक अजून ठणठणीत आहेत आणि दिवाळी अंक चाळतात.

मी नोकरीला लागले ती नवऱ्याच्या जागेवर. ते पंप ऑपरेटर होते, आजारानं गेले. ऑफिसनं मला अनुकंपेवर घेतलं आणि पहिलं काम दिलं ते साहेबांच्या टेबलावरचा तांब्या भरायचं. पाणीपुरवठा विभागच तो, तक्रार तरी काय करणार? सहा महिन्यांनी एकदा पंपहाउसवर निरोप द्यायला गेले, तर ऑपरेटर घोरत होता आणि पंपाच्या दांड्याशी पाणी थेंब थेंब गळत होतं. गळणारा नळ मला घरीसुद्धा सहन होत नाही. मी पाना घेतला आणि नट आवळून टाकले. थोड्या वेळानं जळका वास सुटला. ऑपरेटर दचकून उठला आणि ओरडला, "बाई, गळू द्या थे! गळलं नाई तर दांडा तापते." माझ्या धंद्यातला तो पहिला धडा. पाणीपुरवठ्यात थोडी गळती लागतेच. ऑफिसातल्या गळतीलाही हाच नियम लावतात, हे मला पुढे कळलं.

चूक मी केली होती, म्हणून पंप दुरुस्त होईपर्यंत तिथंच बसून राहिले, आणि बसल्या बसल्या शिकले. पाचेक वर्षांत माझ्या हातात कायमचा पाना आला. लोक मला वत्सलाबाई सोडून फिटरबाई म्हणू लागले.

आमचं गाव तलावाचं पाणी प्यायचं. उन्हाळ्यात तलाव मागे सरकतो. काठावर बसवलेला पंप मग कोरडाच राहतो, म्हणून पंप तराफ्यावर ठेवतात. रिकामे ड्रम आडवे बांधायचे, वर लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर पंप. पाणी खाली गेलं की पंप खाली, पाणी चढलं की पंप वर. बघणाऱ्याला तरंगण्याचं कौतुक वाटतं, पण तरंगायला काहीच अक्कल लागत नाही. रिकामा ड्रम, नारळ, चप्पल, काहीही तरंगतं. अक्कल लागते ती तरंगणाऱ्या वस्तूला जागेवर थांबवायला आणि सपाट ठेवायला. वारा आला की तराफा फिरतो, एका बाजूला दोन माणसं जास्त चढली की कलतो. माझी अर्धी नोकरी तराफ्याला दावणीला बांधण्यात गेली.

आता खालपुरा. नदी आणि मोठा नाला यांच्या बेचक्यातली वस्ती. मध्ये विहार, भोवती घरं. नाल्याच्या वरच्या अंगाला प्लॉट पाडणाऱ्यांनी भर टाकून नाला निम्मा करून ठेवला होता. त्यामुळे पाऊस जोराचा झाला की आधी मागून नाला चढायचा आणि गावाकडे जायची वाट बंद व्हायची. मग पुढून नदी यायची. पूर आला की खालपुऱ्यातल्या लोकांनी शाळेत जायचं, असं सरकारी कागदावर लिहिलेलं होतं. शाळा नाल्यापलीकडे होती. त्यामुळे पाणी उतरेपर्यंत सहा-सात तास माणसं पत्र्यावर, झाडावर, विहाराच्या गच्चीच्या जिन्यात. गच्ची लहान, जिना अरुंद.

एका पुरानंतर दुसऱ्या दिवशी सरूआजी ऑफिसात आली. सत्तरीची, काटक, खालपुऱ्यातलं सगळ्यात मोठं तोंड. तिनं भिजलेल्या गोधड्यांचं गाठोडं आमच्या राठोडसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. राठोडसाहेब विभागाचे इंजिनिअर, दिग्रसकडचे, भला माणूस. फाइलला मात्र फार भ्यायचे. गोधड्यांचं पाणी फायलींकडे निघालं तसे ते खुर्चीवरून उठले.

"आजी, काय पाह्यजे तुम्हाले?"

"तुमचा तलावावरचा पंप तराफ्यावर बसून राह्यते नं? पानी आलं का तो वर येते. त्याले बुडू देत नाई तुमी."

"हो."

"मंग मी काहून बुडाव? मले बी एक तराफा द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण मला हसू येत होतं. पण आजी गेल्यावर मी साहेबांना म्हणाले, "सर, होऊ शकतं." त्या रात्री डोक्यात तेच फिरत राहिलं. वस्तीच्या चौकात ड्रमांवर एक मोठा ओटा बांधायचा. चार कोपऱ्यांना बोअरचे जाड पाइप खांबासारखे रोवायचे आणि ओट्याला चार मोठ्या कड्या लावून त्या खांबांवर चढवायच्या. कोरड्यात ओटा जमिनीवर बसेल. पूर आला की कड्या खांबावरून सरकत ओटा वर येईल, पण वाहून कुठं जाणार नाही. पाणी उतरलं की परत जागेवर.

साहेबांना ओटा पटला. अडलं ते फाइलवर. इमारत म्हणावी तर इमारत जागा सोडत नाही. नाव म्हणावी तर नगरपरिषदेला नाव चालवायचा परवाना कुठला? महिनाभर विचार करून साहेबांनी शीर्षक काढलं, "पंपासाठी तराफा, मोठा आकार". मंजुरी आली. आता मंजुरी पंपाच्या तराफ्याला होती, तर त्यावर पंप दिसायला हवा. गोदामात एक जळालेला पंप पडून होता, मोटरसकट तीन क्विंटलचा. साहेब म्हणाले, "तो बसवा एका कडेला. तपासणीला कोणी आलं तर दाखवता येईल." माणसांसाठीच्या ओट्यावर पहिली जागा मिळाली ती जळालेल्या पंपाला.

कापसाचे ते वाईट दिवस होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग एकामागून एक बंद पडत होत्या. कापूस नाही तर सरकी नाही, सरकी नाही तर तेल नाही. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सरकीच्या तेलाचे रिकामे ड्रम ढिगानं पडले होते, ते आम्ही आणले. मी साठ मागितले होते, मिळाले चव्वेचाळीस. एका कृषी दुकानदारानं फवारणीच्या औषधाचे ड्रम देऊ केले. मी नको म्हणाले. त्या ओट्यावर लेकरं खेळणार होती.

मे महिन्यात मुख्याधिकारी पाहणीला आले. नदीत तेव्हा पाणी कमी आणि म्हशी जास्त. तरी ते म्हणाले, "तरंगून दाखवा." कुठं दाखवणार? शेवटी आठवण झाली बंद जिनिंगच्या हौदाची. रुईला आग लागली तर विझवायला प्रत्येक जिनिंगमध्ये मोठा हौद असतो. जिनिंग बंद होती, पण चौकीदार शेखभाई सवयीनं हौद भरून ठेवायचे. दोन वर्षं ते रिकाम्या आवाराला पहारा देत होते. मी विचारलं तसे खूश झाले. "आओ बाई, आओ. इथं काय तरी तं होऊ द्या. कापूस नाई तं तुम्ही तरंगा."

ओट्याचा सहा ड्रमांचा एक तुकडा हौदात सोडला. मुख्याधिकारी काठावर उभे. मी म्हणाले, "चढून बघा सर." ते म्हणाले, "आधी लोकप्रतिनिधी." वॉर्डाचे नगरसेवक अंगानं भरदार, पांढरेशुभ्र कपडे, पायात नवे बूट. ते चढले आणि कडेलाच थांबले, फोटो निघेल अशा बेतानं. तुकडा त्या बाजूला कलला. पाणी फळीवर आलं आणि बुटांत शिरलं. मी ओरडले, "मधोमध या, मधोमध!" ते मध्ये आले, तुकडा सपाट झाला. मुख्याधिकाऱ्यांनी वहीत लिहिलं, "तरंगतो." नगरसेवकांनी बूट काढून उलटे केले. हे मी मुद्दाम केलं असं पुढे गावात बोललं गेलं. मुद्दाम नव्हतं. सहाचे आठ ड्रम लावता आले असते, तेवढं मी केलं नाही, इतकंच.

त्या बुटांमुळे एक झालं. वजन किती आणि कुठं ठेवायचं हे आधी ठरवलं पाहिजे, असं सगळ्यांना पटलं. ड्रमांवर मी एक लाल पट्टा रंगवला. पट्टा पाण्याबाहेर आहे तोवर काळजी नाही, पट्टा बुडाला की आणखी काही चढवायचं नाही. मग माणसं आणि सामान मोजायला घेतलं. घरामागे चाळीस किलो सामान. शेखभाईंनी जिनिंगचा काटा हातगाडीवर घालून आणून दिला. कापसाचे बोद, म्हणजे भरलेली मोठाली पोती, मोजायचा लोखंडी काटा विहारासमोर मांडला आणि मी वही घेऊन बसले.

आमच्या भागात काट्यावर शेतकऱ्याचा विश्वास नाही, आणि ते बरोबरच आहे. कापूस मोजताना व्यापारी वजन कमी दाखवतो. पण इथं सगळे स्वतःच कमी दाखवायला बघत होते. शिंपीदादा म्हणाले, मशीनचं फक्त मुंडकं मोजा, पाय मी हातात धरीन. एक जण टीव्ही आणून म्हणाला, याच्यात काही नसते, पोकळ हाये. नवऱ्यांना बायकांची वजनं मोठ्यानं ऐकायची होती. म्हणून मी पुरुषांना विहारामागे पिटाळलं आणि बायकांचे आकडे वहीत बारीक अक्षरात लिहिले.

सरूआजी काट्यावर चढेना. "मी का कापूस हावो?"

"आजी, सगळ्यांचं करायचं आहे."

"कापसाले ओलीचं वजन कापतेत. माह्यं लुगडं ओलं हाये. दोन किलो काप."

कापले. सगळ्या बायकांनी ऐकलं आणि पुढच्या प्रत्येकीचं लुगडं ओलं निघालं. आजीच्या सामानात पत्र्याची एक पेटी होती. कुलूप होतं. आजी म्हणाली, "लुगडी हायेत, दहा किलो लिव्ह." पेटी उचलून काट्यावर ठेवायला मी दोघांना बोलावलं, तर आजी पेटीवर बसली आणि उठेचना. मी दहा लिहिले. आणि खरं सांगायचं तर त्या वहीत मी स्वतःचं वजनही पाच किलो कमी लिहिलं आहे. ओट्याच्या देखभालीसाठी माझं नाव यादीत होतं. अक्षर माझंच आहे, नाकारता येणार नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि ते गमतीचं नाही. वजनं चालली होती त्याच जून महिन्यात नाल्याच्या काठाला तीन नव्या झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. पांढरकवड्याकडच्या बंद पडलेल्या जिनिंगमधली माणसं, कामाच्या शोधात आलेली. अकरा जण. मी त्यांना पाहिलं होतं. काटा परत न्यायच्या दिवशी त्यांच्यातली एक बाई येऊन विचारूनही गेली, "आमालेबी मोजता का?" मी म्हणाले, यादी अठरा घरांची मंजूर आहे. ती गेली. मी वही मिटली.

पूर ऑगस्टात आला. सकाळी सातला मी कड्यांना ग्रीस लावायला खालपुऱ्यात गेले होते. नऊ वाजेस्तोवर मागचा नाला भरला आणि मीही आत अडकले. माणसं शिस्तीत ओट्यावर आली. मी ज्याला त्याला ठरवलेल्या जागी बसवलं. दहाच्या सुमाराला नदीचं पाणी चौकात शिरलं, ड्रमांच्या खाली घुसलं आणि बराच वेळ काही झालंच नाही. मग खालून एक खोल आवाज आला, कड्या करकरल्या आणि ओटा हलला. विहाराची पायरी आमच्या शेजारी होती ती हळूच खाली जाऊ लागली.

"वर जाऊन राह्यलं वं माय!" कोणीतरी ओरडलं. लेकरांनी टाळ्या वाजवल्या. शिंपीदादांनी मशीनचे पाय खरंच हातात धरले होते. मी खाली वाकून पाहिलं. लाल पट्टा दिसत नव्हता. माझ्या वहीप्रमाणे तो वीतभर बाहेर असायला हवा होता. लुगडी, टीव्ही, दोन किलो, पाच किलो, सगळं खोटं तिथं ड्रमांवर जमा झालं होतं. शिवाय एक-दोन ड्रम कुठंतरी पाणी घेत असावेत. फळ्यांपासून पाणी चार बोटांवर होतं.

आणि तेवढ्यात ती अकरा माणसं आली. झोपड्या गेल्या होत्या. कमरेइतक्या पाण्यातून एकमेकांचे हात धरून ती ओट्याच्या कडेपर्यंत पोचली. पुढे तीच बाई, खांद्यावर लहान पोरगी. तिचं नाव इंदू, हे मला नंतर कळलं. त्या वेळी ती फक्त यादीत नसलेली बाई होती.

"बाई, लेकरायले तरी घ्या."

सरूआजी उठून उभी राहिली. "जागा नाई! यायचं नाव यादीत नाई. सगळे बुडू."

ते मी आजीच्या तोंडून सांगते आहे, पण तिच्या आधी नाही म्हणाले होते मीच. इंदू बोलली त्याच क्षणी माझं डोकं आपोआप हललं होतं. माझ्या हातात वही होती. अकरा जण म्हणजे मोठी-लहान धरून साडेतीन क्विंटल तरी, हा हिशेब मी तिच्याकडे बघत बघत केला. हिशेब बरोबर होता. त्यांना तसंच चढू दिलं असतं तर ओट्यावर पाणी आलं असतं. तरी तिच्या डोळ्यांना डोळा द्यायची माझी हिंमत झाली नाही.

लेकरं आम्ही वर घेतली. चार होती. पाणी तीन बोटांवर आलं. मोठी माणसं कड धरून उभी, पाणी त्यांच्या पोटावर.

नाल्यापलीकडे गावाच्या बाजूला राठोडसाहेब छत्री घेऊन उभे होते. सोबत दोन शिपाई. साहेब सकाळपासून हातवारे करत होते. पावसाचा आवाज जरा कमी झाला तेव्हा त्यांचं ओरडणं ऐकू आलं.

"वत्सलाबाई! पंप सांभाळा! पंप!"

मी पंपाकडे पाहिलं. जळालेला, गंजलेला, तीन क्विंटलचा, ओट्याच्या नदीकडच्या कोपऱ्यात चार बोल्टांवर ऐटीत बसलेला.

पाना माझ्या कमरेलाच होता. पहिले दोन नट ग्रीसमुळे निघाले. तिसरा गंजला होता. शिंपीदादांनी मशीनचे पाय सोडून दिले आणि पान्याला लोंबकळले. चौथा काही केल्या हलेना, तेव्हा खालून इंदूचा नवरा म्हणाला, "बाई, पाना इकडं द्या. जिनिंगमंदी आमी हेच करत होतो." तो पाण्यात उभ्यानं, दोन्ही हातांनी जोर लावून फिरवू लागला. नट चिरकला आणि सुटला. मग सहा जणांनी पहारी घालून पंप कडेला ढकलला. मी एकदा पलीकडे पाहिलं. साहेबांना सगळं दिसत होतं. त्यांनी छत्री डोक्यावरून खाली घेतली, आमच्या दिशेला आडवी धरली आणि त्या छत्रीमागे पूर्ण दिसेनासे झाले.

पंप गेला. मोठा आवाज नाही झाला, नुसतं डुबुक. ओट्याचा तो कोपरा वर उसळला आणि बायका किंचाळल्या. मी ओरडले, "आता पटकन! पंपाच्या जागेवर बसा. तिथंच. हलायचं नाही!" सात मोठी माणसं वर आली, लेकरांना मांडीवर घेतलं आणि पंपाच्या चौकटीत दाटीवाटीनं बसली. ओटा पुन्हा सपाट झाला. पाणी तीन बोटांवर होतं ते तीन बोटांवरच राहिलं.

पण नदी अजून चढत होती आणि लाटा येत होत्या. तीन बोटं मला पुरेशी वाटेनात. सरूआजी उठली, पेटीवरून.

"पोट्टेहो, हे बी टाका."

"आजी, लुगडी आहेत ना? राहू द्या, दहा किलोनं काय होतं?"

"लुगडी नाईत. जातं हाये. माह्या मायचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन्ही तळ्या. खुट्यासकट."

दोघांनी पेटी उचलली तेव्हा त्यांचे गुडघे वाकले. साठ किलो तरी असेल. पेटी गेली. आजी मोकळ्या जागेवर फतकल मारून बसली आणि इंदूला म्हणाली, "पाय पसर वं. तिथं काहून आवळून बसली? सरक इकडं."

त्यावर दुसऱ्या कोणीतरी मुकाट्यानं टीव्ही सोडला. तो खरंच पोकळ होता, थोडा वेळ तरंगला.

चारच्या सुमाराला पाणी थांबलं आणि संध्याकाळच्या आधी उतरायला लागलं. कड्या खांबावरून करकरत खाली आल्या. ओटा चिखलात टेकला, थोडा तिरका. एक्क्याण्णव माणसं उतरली. एकही कमी नव्हतं.

आठव्या दिवशी मला नोटीस आली. "शासकीय मालमत्ता असलेला पंप आपण हेतुपुरस्सर पाण्यात का टाकला, याचा खुलासा करावा." मी तीन दिवस विचार केला आणि लिहिलं, "पंपाचे काम पाणी उपसणे. सदर पंप जळालेला असल्याने तो उपसू शकत नव्हता, फक्त बुडू शकत होता. त्या दिवशी त्याच्यासाठी तेवढेच काम उपलब्ध होते. ते त्याने नीट केले." राठोडसाहेबांनी खुलासा वाचला, कपाळाला हात लावला आणि तसाच पुढे पाठवला. त्यांचीही साक्ष झाली. ते म्हणाले, "पाऊस तिरपा होता. छत्री आडवी धरल्यामुळे मला काही दिसलं नाही." खोटं नव्हतं एक अक्षर.

माझ्या सेवापुस्तकात ताकीद चढली. ती चढवताना मुख्याधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि हळूच विचारलं, "एक्क्याण्णव? खरंच तरंगला का हो?" मी म्हटलं, "सर, वहीत तुम्हीच लिहिलंय." पंप दिवाळीनंतर गाळात सापडला. तो काढून, धुऊन, तेलपाणी करून पुन्हा गोदामात ठेवला. आजीचं जातं मी दोन वेळा जाऊन शोधलं. मिळालं नाही.

ओटा पुढे नऊ पावसाळे टिकला. कोरड्या दिवसांत त्यावर तुरी निवडल्या गेल्या, लग्नं लागली, परीक्षेचे अभ्यास झाले. नंतर वस्तीला वर माळावर घरकुलं मिळाली, आणि सांगाडा भंगारात गेला. त्याच नदीवर खाली आणखी दोन वस्त्या होत्या, त्यांनीही ओटा मागितला. राठोडसाहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी फाइल मागवली, त्यात पंपाची चौकशी पाहिली आणि फाइल परत ठेवली. माझा तो खुलासा जरा साधा असता तर कदाचित त्या दोन वस्त्यांचं काम झालं असतं. लिहिताना मला फार मजा आली होती. आता ती मजा आठवली की बरं वाटत नाही.

पण त्या पुराच्या पुढच्या वर्षीचं सांगायचं आहे. जूनमध्ये मी पुन्हा काटा मांडला. पंप गोदामातच राहू दिला आणि तेवढी जागा वहीत मोकळी धरली. शेखभाई मदतीला आले. अठरा घरं रांगेत उभी राहायच्या आधीच सरूआजी इंदूचा हात धरून तिला पुढे घेऊन आली. मागं तिच्या घरची, शेजारची, सगळी अकरा. मोठ्यांची वजनं झाली. शेवटी इंदूनं तिची धाकटी पोरगी काट्यावर बसवली. लहानखुरी पोर, वर्ष-दीड वर्षाची. काटा जेमतेम हलला.

"आठ," मी म्हणाले.

इंदू वहीत वाकून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण आकडा कळत होता.

"बाई, पोर हाये. वाढन नं हे?"

"वाढेल की."

"मंग आताच जास्त लिव्हून ठेवा."

आतापर्यंत त्या काट्यावर मला कोणीच असं सांगितलं नव्हतं. मी आठ खोडलं आणि तिच्यासमोर पंधरा लिहिलं.